पित्ताची गोळी: कधी लागू पडते, कधी नाही

औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं तरी कुणीतरी ‘पित्ताची एक पट्टी द्या’ म्हणताना ऐकू येतं. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायची असतात, पण चिठ्ठी क्वचितच मागितली जाते. अँटिबायोटिक उष्ण पडू नये म्हणून, गुडघेदुखीच्या गोळीबरोबर, लग्नात तेलकट-तिखट जेवण झालं म्हणून, अशा नाना कारणांनी ती घेतली जाते. दुसरीकडे, ज्यांना आम्ल वर येण्याचा आजार खरोखर आहे, त्यांच्यातले कितीतरी जण सांगतात की वर्षभर गोळी चालू आहे, पण म्हणावा तसा उतार नाही.

ही गोळी जठरात तयार होणारं आम्ल कमी करते. ते काम ती फार उत्तम करते, आणि तिचं काम तेवढंच आहे. त्रासाचं मूळ आम्लात असेल, तर तिच्याइतका भरवसा देणारी औषधं थोडीच. मूळ दुसरीकडे असेल, तर डोस दुप्पट करूनही हाती काही लागत नाही. म्हणून गुण येत नसेल तेव्हा कंपनी बदलण्याआधी दोन गोष्टी तपासा: आपला त्रास आम्लाचाच आहे का, आणि गोळी आपण नीट घेतो आहोत का.

त्याआधी एक सूचना, आणि ती कृपा करून घरातल्या सगळ्यांना सांगा. छातीत जळजळ किंवा दडपण अचानक आलं, घाम फुटला, धाप लागली, दुखणं जबड्यात, खांद्यात किंवा हातात उतरलं, चालताना किंवा जिना चढताना वाढलं, तर सोडा, ईनो, गोळी काही घेत बसू नका. थेट रुग्णालय गाठा आणि ईसीजी काढून घ्या. ‘गॅस धरलाय, सकाळी बघू’ म्हणून काढलेली रात्र जिवावर बेतू शकते. मधुमेह असलेल्यांमध्ये आणि स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका कधी कधी नुसत्या अस्वस्थपणासारखा किंवा मळमळीसारखाही येतो. ईसीजी काढला आणि काही निघालं नाही, तर उत्तमच.

आता मूळ आजाराकडे. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते. घास खाली उतरला की ती मिटायला हवी. ती अवेळी सैल पडली की जठरातलं आम्ल वर चढतं. पोटाचा घेर वाढलेला असेल, किंवा जठराचा वरचा भाग छाती-पोटामधल्या पडद्यातून वर सरकलेला असेल, तर हे जास्त घडतं. जठराचं अस्तर आम्ल सोसू शकतं, अन्ननलिकेचं सोसू शकत नाही. छातीच्या मध्यावर खालून वर चढणारी जळजळ, घशाशी येणारं आंबट पाणी, करपट ढेकर, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढणारा त्रास ही या आजाराची नेहमीची लक्षणं. काहींच्या अन्ननलिकेत यातून व्रण होतात. काहींच्या होत नाहीत, पण जळजळ तितकीच असते.

गोळीची खरी ताकद व्रण भरून आणण्यात दिसते. १९९७ साली अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात बारा आठवड्यांपर्यंतच्या उपचारात या गटातल्या औषधांनी सुमारे ८४ टक्के रुग्णांचे व्रण भरले. रॅनिटिडिनच्या गटातल्या औषधांनी ५२ टक्के, आणि औषधाविना नुसत्या दिखाऊ गोळीने २८ टक्के. फरक मोठा आहे. ज्यांनी १९८८ च्या आधीचा काळ पाहिला, म्हणजे ओमेप्राझोल बाजारात येण्याआधीचा, त्यांना याची किंमत जास्त कळेल. अन्ननलिका आकसून घास अडकणारे रुग्ण तेव्हा आजच्यापेक्षा खूप जास्त असत.

पण हे आकडे व्रणांचे आहेत. जळजळीचे आकडे इतके चांगले नाहीत. दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिका स्वच्छ दिसते, तरी जळजळ होते, अशा रुग्णांमध्ये गोळीने पूर्ण आराम पडणाऱ्यांचं प्रमाण बरंच खाली येतं. घशाशी पाणी येण्याच्या तक्रारीत तर आणखी खाली. याचं कारण साधं आहे. गोळी आम्लाचा जोर मोडते, पण सैल पडणारी कडी ती आवळत नाही. पाणी वर यायचं थांबत नाही, फक्त ते कमी आंबट होऊन येतं. जळजळ गेली आणि पाणी येतच राहिलं, तर गोळी तिचं काम करते आहे, पण तुमचा उरलेला त्रास तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. हे डॉक्टरांना नेमक्या शब्दांत सांगा, कारण या दोन तक्रारींचे उपाय वेगळे आहेत.

गोळी घ्यायची वेळ हा विषय मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. जठराच्या अस्तरातल्या काही पेशींमध्ये आम्ल बाहेर सोडणारे सूक्ष्म पंप असतात. ही गोळी रक्तातून त्या पेशींपर्यंत पोचते, आणि चालू असलेल्या पंपांनाच चिकटून त्यांना कायमचं बंद पाडते. जे पंप त्या वेळी निजलेले असतात, त्यांच्यावर तिचा परिणाम होत नाही. पंप जागे होतात ते खाल्ल्यावर, त्यातही रात्रभराच्या उपाशी पोटानंतरच्या पहिल्या खाण्याला. आणि औषध रक्तात जेमतेम काही तास टिकतं. तेव्हा औषध रक्तात असताना पंप जागे व्हायला हवेत. म्हणून गोळी खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची.

आपल्याकडे घडतं काय? सकाळी सहाला गोळी, मग चहा, मग डबे, गाडी, कार्यालय, आणि पहिलं धड खाणं एक वाजता. तोवर औषध रक्तातून जवळजवळ निघून गेलेलं असतं. ‘रिकाम्या पोटी घ्या’ एवढंच लक्षात राहतं. ‘आणि तासाभरात खा’ हा उरलेला भाग विसरला जातो. तुमचा नाश्ता पोहे-उपम्याचा आणि वेळेवर होत असेल, तर उठल्यावर गोळी घ्या आणि तासाच्या आत नाश्ता करा. नाश्ता होतच नसेल, तर दुपारच्या जेवणाआधी अर्धा तास घ्या. उपवासाच्या दिवशी ज्या वेळी खिचडी किंवा वरीचा भात होणार, त्याच्या आधी घ्या. त्रास मुख्यतः रात्रीचा असेल, तर डॉक्टरांना विचारून ती रात्रीच्या जेवणाआधी घेता येते. झोपताना, जेवणानंतर दोन तासांनी घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. ती फोडू किंवा कुटू नका, चावू नका. जठरातल्या आम्लाने औषध आधीच नासू नये म्हणून तिच्यावर किंवा कॅप्सूलमधल्या दाण्यांवर वेष्टण असतं.

दुसरी गडबड म्हणजे ती लागेल तेव्हा घेणं. पंप सगळे एका दिवशी जागे नसतात, आणि नवे तयार होतच असतात. त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला रोज घेऊन तीन ते पाच दिवस लागतात. आज वडापाव खाल्ला, छाती जळतेय, म्हणून घेतलेली एक गोळी त्या क्षणाच्या जळजळीसाठी उशिराचं औषध ठरते. त्या वेळेला डायजीन किंवा जेल्युसिलसारखं आम्ल मारणारं पातळ औषध जास्त उपयोगी. अल्जिनेट असलेलं मिळालं तर आणखी बरं, कारण ते जठरातल्या अन्नावर तरंगणारा थर धरतं. थंड दूध घेतल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम नंतर आम्ल वाढवतात, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, आणि मला वाटतं या आजाराच्या प्रत्येक रुग्णाला तो सांगितला पाहिजे. गोळी घेऊनही जळजळ जात नाही, अशा ३६६ जणांना त्यात घेतलं होतं. पहिली पायरी म्हणून सगळ्यांना दोन आठवडे ओमेप्राझोल दिलं, सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी नेमक्या वेळी. एवढ्यानेच ४२ जणांना उतार पडला आणि ते अभ्यासातून बाहेर पडले. उरलेल्यांच्या दुर्बिणीने आणि अन्ननलिकेतल्या आम्लाच्या मोजणीने कसून तपासण्या झाल्या. ९९ जणांची जळजळ आम्लामुळे नव्हतीच. त्यांच्या अन्ननलिकेच्या संवेदना जास्त तीव्र झालेल्या होत्या. आणखी २३ जणांना अन्ननलिकेचा वेगळाच आजार निघाला. शेवटी गोळीला खरोखर दाद न देणारा आम्लाचा आजार ७८ जणांत ठरला. त्यांच्यात शस्त्रक्रियेने सैल कडी आवळलेल्यांपैकी ६७ टक्के जणांना वर्षभरानंतर चांगला आराम होता; गोळीला आणखी औषधांची जोड देणाऱ्या गटात २८ टक्के.

या अभ्यासाचा तुमच्या-माझ्यासाठी अर्थ असा की ‘गोळी लागू पडत नाही’ हे वाक्य तपासणीची सुरुवात असायला हवं. तिसरी-चौथी कंपनी बदलणं, दोनच्या तीन गोळ्या करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. आठ आठवडे वेळेवर गोळी घेऊनही त्रास तसाच असेल, तर पोटविकारतज्ज्ञांकडे जा. ते दुर्बिणीची तपासणी सुचवतील. तीच तपासणी गोळी बंद करून दोन-चार आठवड्यांनी केली तर जास्त माहिती देते, कारण चालू गोळीने व्रण भरलेले असतात आणि मूळ आजार दिसत नाही. मात्र गोळी बंद करायची ती त्यांच्या सांगण्यावरूनच. अन्ननलिका स्वच्छ निघाली तर आम्लाची मोजणी करतात. नाकातून बारीक नळी घालून चोवीस तास आम्ल किती वेळ वर येतं ते नोंदतात. दिवसातला चार टक्क्यांहून कमी वेळ आला तर आम्लाचा आजार जवळजवळ नाही, सहा टक्क्यांहून जास्त आला तर तो नक्की आहे. तपासणी थोडी त्रासाची आहे, पण अनेक वर्षांच्या अंदाजाने घेतलेल्या गोळ्यांपेक्षा ती स्वस्त पडते.

काही तक्रारींसाठी ही गोळी फार सढळ हाताने दिली जाते, आणि तिथे तिचा पुरावा कच्चा आहे. घसा सतत खाकरावा लागणं, आवाज बसणं, घशात गोळा असल्यासारखं वाटणं यांवर ब्रिटनमध्ये ३४६ जणांवर झालेल्या चाचणीत सोळा आठवडे दिवसातून दोनदा लॅन्सोप्राझोल दिलं. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांइतकाच त्यांना आराम पडला, जास्त नाही. दम्याच्या एका मोठ्या चाचणीत, ज्यांना जळजळ नव्हती किंवा नावापुरती होती पण दमा आटोक्यात नव्हता, त्यांना इसोमेप्राझोलने काही फायदा झाला नाही. दूध ओकणाऱ्या, रडणाऱ्या तान्ह्या बाळांच्या चाचणीत औषधाने आणि दिखाऊ गोळीने सारख्याच, ५४ टक्के बाळांना बरं वाटलं. बाळाचं वजन वाढत असेल, ते हसत-खेळत असेल, तर दूध ओकण्यासाठी ही गोळी मागू नका. डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही, उलटी झाली की बरं वाटतं, आणि घरात त्याला पित्त म्हणतात, असा त्रास फार वेळा अर्धशिशीचा असतो. त्यावर वेगळी आणि चांगली औषधं आहेत. पॅन्टोप्राझोल घेत बसल्याने ती मिळायला उशीर होतो.

आपल्याकडे नुसत्या गोळीपेक्षा जोडगोळीची कॅप्सूल जास्त खपते, म्हणजे आम्लाच्या औषधात डोम्पेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड मिसळलेली. याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मळमळ, उलटी, पोट जड राहणं यांचं कारण डॉक्टरांनी शोधलं असेल आणि थोड्या दिवसांसाठी ती दिली असेल, तर ठीक. पण पित्ताची गोळी म्हणून वर्षानुवर्षं ती घेऊ नये. डोम्पेरिडोनने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये ते फक्त मळमळ-उलटीसाठी आणि शक्यतो आठवडाभरच द्यावं असं ठरवलं. लेवोसल्पिराइडने हात थरथरणं, हालचाली मंदावणं, स्त्रियांमध्ये स्तनातून स्राव येणं अशा तक्रारी होऊ शकतात. वयस्कर माणसाला हातात कंप आला आणि तो ही कॅप्सूल घेत असेल, तर पट्टी घेऊनच डॉक्टरांकडे जा. तुमच्या पट्टीच्या मागे दोन औषधांची नावं आहेत का, हे आजच वाचून पाहा.

रॅनिटिडिन म्हणजे आपलं जुनं रॅन्टॅक. त्यात कर्करोगाला कारण ठरू शकणारा अंश आढळल्याने अमेरिकेत २०२० साली ते बाजारातून काढायला लावलं, आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये वगळलं गेलं. त्याच गटातलं फॅमोटिडिन रात्रीच्या त्रासाला झोपताना घेता येतं, पण रोज घेतलं तर काही आठवड्यांत त्याचा असर उणावतो. नव्या औषधांमध्ये व्होनोप्राझान आता आपल्याकडेही मिळतं. त्याला जेवणाची वेळ साधायची गरज नाही, आणि अन्ननलिकेचे मोठे व्रण भरण्यात ते जुन्या गोळ्यांच्या थोडं पुढे आहे. एका मोठ्या चाचणीत आठ आठवड्यांत त्याने सुमारे ९३ टक्के, तर लॅन्सोप्राझोलने ८५ टक्के रुग्णांचे व्रण भरले. साध्या जळजळीसाठी मात्र ते महाग पडतं, आणि जुनी गोळी वेळेवर घेतली तर बहुतेकांचं काम भागतं.

गोळीच्या धोक्यांबद्दल मोबाइलवर भयंकर मजकूर फिरतो. हाडं ठिसूळ होतात, मूत्रपिंड जातं, स्मरणशक्ती जाते, असं बरंच काही. यातला बराचसा भाग निरीक्षणांवर आधारलेला आहे, आणि दीर्घकाळ गोळी घेणारी माणसं मुळातच जास्त आजारी असतात, हे त्यात पुरतं वेगळं काढता येत नाही. हृदयविकाराच्या १७,५९८ रुग्णांना पॅन्टोप्राझोल किंवा दिखाऊ गोळी देऊन सरासरी तीन वर्षं पाहिलं, तेव्हा वाढलेला दिसला तो पोटातल्या जंतुसंसर्गाचा धोका, एका टक्क्यावरून १.४ टक्क्यांवर. बाकीच्या भीतीला त्या चाचणीत आधार मिळाला नाही. म्हणून गरज असलेल्याने घाबरून गोळी सोडू नये.

तरी आपल्या लोकांनी एका बाबतीत सावध राहावं. अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व सुटं व्हायला आम्ल लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने पुणे परिसरात बी-१२ ची कमतरता किती सर्रास आहे हे दाखवलं. शाकाहारी माणूस, त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू, आणि त्यावर वर्षानुवर्षं आम्लाची गोळी, अशी तिन्ही कारणं एकत्र असलेल्याने वर्षातून एकदा बी-१२ तपासून घ्यावं. लोहाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांचं शोषणही कमी होऊ शकतं, म्हणून थायरॉइडचा डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं सांगा. हृदयात स्टेंट बसवून क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात. पॅन्टोप्राझोल त्यापेक्षा बरं.

आता बंद करण्याबद्दल. ‘गोळी सोडली की दुप्पट जळजळ होते, म्हणजे मला ती जन्मभर लागणार’ असं पुष्कळांना वाटतं. कोपनहेगनमध्ये पोटाचा काही त्रास नसलेल्या १२० निरोगी माणसांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग झाला. अर्ध्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल देऊन मग नकळत दिखाऊ गोळीवर नेलं. उरलेल्यांना आधीपासूनच दिखाऊ गोळी होती. औषध थांबल्यावर पहिल्या गटातल्या ४४ टक्के जणांना जळजळ, आंबट पाणी अशा तक्रारी झाल्या, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. आम्ल बराच काळ दाबून ठेवलं की शरीर ते बनवायची तयारी वाढवतं, आणि गोळी थांबली की काही आठवडे ते जास्त सुटतं. हा काळ ओसरतो. सोडायची तर डॉक्टरांच्या संमतीने डोस निम्म्यावर आणा, मग एक दिवसाआड करा, आणि मधल्या त्रासाला अल्जिनेट किंवा फॅमोटिडिनचा आधार घ्या. दोन आठवड्यांत हार मानू नका.

काहींनी मात्र ती स्वतःहून कधीच सोडू नये. दुर्बिणीच्या अहवालात व्रणांची श्रेणी ‘सी’ किंवा ‘डी’ लिहिलेले, बॅरेट अन्ननलिकेचं निदान झालेले, अन्ननलिका आकसलेले, आणि वय झालेलं असताना अ‍ॅस्पिरिन किंवा सांधेदुखीच्या गोळ्या रोज घेणारे यांना ती संरक्षण म्हणून दिलेली असते.

गोळीबरोबर काय करावं, याची लांबलचक यादी सगळ्यांना पाठ आहे, आणि तिच्यातल्या निम्म्या गोष्टींचा आधार कच्चा आहे. आंबट, तिखट, टोमॅटो, चहा हे सगळ्यांनीच सोडायचं कारण नाही. ज्याने तुम्हाला त्रास होतो तेवढंच टाळा. तीन उपायांचा आधार मात्र भक्कम आहे. वजन जास्त असेल तर ते उतरवणं, आणि पोटाचा घेर कमी होणं यात सगळ्यात महत्त्वाचं. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवणं. रात्री दहाला लोकलमधून उतरणाऱ्याला हे जमत नाही, तर त्याने मुख्य जेवण दुपारी करावं आणि रात्री थोडकं खावं. तिसरं, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू पंधरा-वीस सेंटिमीटर उचलणं. उशा रचून उपयोग नाही, त्याने पोट दुमडतं आणि दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्यानेही फरक पडतो. तंबाखू, मिश्री आणि दारू मात्र बंदच.

गिळताना घास अडकणं, विनाकारण वजन घटणं, काळी शी होणं, रक्ताची उलटी, हिमोग्लोबिन उतरणं, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच हा त्रास सुरू होणं, यांपैकी काहीही असेल तर आठ आठवडे गोळी घेऊन बघण्याची वाट पाहू नका. आधी दुर्बिणीची तपासणी.

आणि डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती आठवडे, जेवणाआधी किती मिनिटं, किती दिवस चुकली, जळजळ किती कमी झाली, घशाशी पाणी येणं किती कमी झालं, आणि सोबत चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या.